आवाजाला लागणारी रुंदी

आईला दादाची पत्रं मीच वाचून दाखवायचो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो फौजेत होता, आणि मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा उत्तरेकडच्या बर्फातल्या एका ठाण्यावर होता. पासष्टची लढाई संपून वर्ष उलटलं होतं, तरी त्याला रजा मिळालेली नव्हती. पत्र आलं की आई हात धुऊन, पदराला पुसून, भिंतीला टेकून माझ्यासमोर बसायची. मी वाचायचो. इकडे खुशाल आहे, थंडी फार आहे, आबांनी तब्येतीला जपावं, धाकट्यानं अभ्यास करावा. बहुतेक पत्रांत एवढंच असायचं.

एकदा पत्र संपलं तरी ती उठली नाही.

"झालं?"

"झालं की."

"ह्यात तुजाच आवाज येतोय रं," ती म्हणाली. तक्रार करावी तसं नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. मग म्हणाली, "त्येचा कसा व्हता, त्ये आता नीट आठवंना झालंय. तोंड दिसतंय, पन आवाज येत न्हाई."

मी पत्राची घडी घातली. आवाज कसा परत आणतात, हे मला ठाऊक नव्हतं. पण पुढचे काही महिने मी जे केलं, ते या एका वाक्यामुळे केलं. कॉलेजात मात्र मी त्याचं कारण वेगळंच सांगत होतो.

आम्ही सांगलीजवळ हरिपूरला राहत होतो. माझे वडील, आबा, हळदीच्या पेवांवर काम करायचे. ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी. तोंड एका माणसाला उतरता येईल एवढंच, आणि आत पोट मात्र खोलीएवढं. त्यात हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचं. पुढे भाव आला की उघडायचं. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा जाऊ देतात, दोरीला कंदील बांधून खाली सोडतात, तो जळत राहिला तर माणूस उतरतो. आई व्यापाऱ्याच्या आवारात हळद निवडायला जायची. त्यामुळे आमच्या घरातलं सगळंच थोडं पिवळं असायचं. माझ्या वह्या, सदऱ्याच्या बाह्या, नखं. कॉलेजात मुलं विचारायची, "काय रं नवरदेवा, लगीन कवा हाय? हळद तर रोजच लागलेली दिसतीय." मीही हसायचो. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर वस्तीतल्या प्रत्येक सभेत शिक्षणाचंच बोलणं व्हायचं, आणि ते बोलणं ऐकणाऱ्यांतला मी एक होतो. म्हणून इतरांना जे साधं वाटायचं त्याचीही मला थोडी भीती वाटायची आणि बरंचसं नवल वाटायचं. ते नवल अजून गेलेलं नाही.

दिवाळीनंतर दादाच्या पलटणीतला एक जवान रजेवर आला. तो इस्लामपूरकडचा. दादानं दिलेला लोकरीचा मफलर घेऊन तो मुद्दाम वाट वाकडी करून आमच्याकडे आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "काकू, आमच्या ठाण्यावर रेडिओवालं आल्तं. मशीन घिऊन. जवानांचं आवाज भरून नेलं त्येंनी, घरच्यांना आयकवायला. तुमचा बी बोललाय."

आई हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. "कवा लागनार?"

"दिल्लीवरनं लागतंय. रविवारी, दिवं लागणीला. पन कुठल्या रविवारी त्ये काय सांगता येत न्हाई बगा. लय जनांचं भरलंय."

आबा म्हणाले, "म्हंजी दर रविवारी बसाय पायजे."

"व्हय. आनि एकदाच लागनार."

आमच्याकडे रेडिओ होता. हळदीच्या पेढीवरचा जुना, बिघडलेला व्हॉल्व्हचा संच शेटजींनी आबांना देऊन टाकला होता, तो मी दुरुस्त केला होता. अडचण निराळीच होती. दोन-तीन वर्षांपूर्वी सांगलीला नवं रेडिओ केंद्र सुरू झालं होतं, आणि त्याचा मनोरा आमच्या वस्तीतून दिसायचा. सगळ्या जिल्ह्याला त्याचा केवढा आनंद! आम्हालाही होता. पण आमचा संच जुना आणि साधा, आणि मनोरा इतका जवळ, की काटा कुठंही नेला तरी मागून सांगलीच ऐकू यायची. दिल्लीच्या बातम्या लावल्या की बातम्यांच्या पाठीमागं शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालायचा. शेजारचे काका एकदा बराच वेळ ऐकत बसले आणि उठताना म्हणाले, "दिल्लीचा मंत्री भुईमुगावर लय चांगला बोलला गड्या."

दादाचा आवाज असा भुईमुगात मिसळून एकदाच येणार आणि निघून जाणार, हे माझ्या डोक्यातून जाईना.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक यंत्र स्वतः बनवून दाखवायचं असे. माझे बहुतेक मित्र विजेच्या मोटारींमागं लागले होते, कारण नोकऱ्या साखर कारखान्यांत होत्या. मी रेडिओ शिकवणाऱ्या सरांकडे गेलो आणि अडखळत म्हणालो, "सर, मला एक फिल्टर करायचा आहे. एरियल आणि रेडिओ यांच्यामध्ये बसणारा. हवं ते केंद्र आत सोडेल, बाकीची अडवेल. आणि बटण फिरवलं की पाहिजे त्या केंद्रावर नेता येईल."

"एका बँडसाठी?"

"नाही सर. मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह, दोन्ही." दिल्लीचा तो कार्यक्रम दोन्हींवर लागायचा. शॉर्ट वेव्हवर दिवस मावळताना चांगला यायचा आणि मग कधीही बुडायचा. मीडियम वेव्हवर अंधार पडल्याशिवाय यायचाच नाही. कार्यक्रम तर नेमका त्या सांध्यावर होता.

"अवघड आहे," सर म्हणाले. "एका जागी बसणारा फिल्टर कुणीही करेल. फिरणारा करताना तुझा जीव जाईल. कर."

फिल्टरचा जीव दोनच गोष्टींत असतो: तांब्याच्या तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, आणि एकमेकांना न शिवणाऱ्या पत्र्यांत वीज धरणारा कंडेन्सर. या दोन्ही जोडल्या की त्यांना आपला एक ठेका येतो. झोपाळ्यासारखं. झोपाळ्याला त्याच्या ठेक्यात हलका धक्का देत राहिलं तर तो आभाळाला भिडतो. बिनठेक्याचे कितीही धक्के दिले तरी जागच्या जागी कुरकुरतो. एरियलवर जगभरच्या केंद्रांचे धक्के एकाच वेळी येत असतात. आपल्या ठेक्याचा तेवढा ही जोडी उचलते. पुस्तकात हे सूत्र अर्ध्या ओळीचं आहे. मी ते परीक्षेत अनेकदा लिहिलं होतं. पण वेळूच्या नळीवर स्वतः तार गुंडाळली, मेण लावलं, आणि प्रयोगशाळेतल्या मीटरचा काटा एका जागी अचानक उभा राहिलेला पाहिला, तेव्हा अंगावर काटा आला. वेळू आमच्या परसातला होता. त्याला दिल्ली ऐकू येत होती.

ठेका बदलायचा तर कंडेन्सर फिरता हवा, आणि मला एका दांड्यावर तीन खण असलेला हवा होता, म्हणजे तिन्ही एकदम फिरतील. तसला सांगलीत मिळेना. माझे मामा साताऱ्याला राहायचे, फौजेतून पेन्शनीत निघालेले. त्यांनी मला साताऱ्याच्या जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे नेलं. तिथं फौजेच्या मोडीत निघालेल्या वायरलेस संचांचा ढीग होता. मामांनी उकिडवं बसून एक खोकं उलटं केलं आणि आतून तो कंडेन्सर काढला. पितळी दांडा, त्यावर पत्र्याच्या पातळ पाकळ्यांचे तीन जुडगे.

"घे. फौजेचा माल हाय ह्यो. मानूस मरंल, पन ह्यो न्हाई मरायचा."

मी दांडा फिरवला. पाकळ्या दुसऱ्या पाकळ्यांमध्ये शिरल्या. मधे केसाएवढीच जागा, तरी एकही पाकळी दुसरीला शिवत नव्हती. आवाज नाही. मी पुन्हा फिरवला. मग परत.

मामा म्हणाले, "आरं, बास की. झिजंल. यष्टी चुकवतुयास काय?"

स्टँडवर गाडीची वाट बघताना समोर अजिंक्यतारा होता. वर सपाट, कडेला एकदम तुटलेला. तेव्हा मी तो नुसता पाहिला. माझा जीव मांडीवरच्या पिशवीत होता.

घरी मी काय करतोय हे आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला. हळद निवडताना दोन चाळण्या वापरतात. वरचीतून जाड गड्डे खाली येत नाहीत, खालचीतून चुरा पडून जातो, आणि मधे हळकुंड राहतं. मी म्हणालो, "तसंच हाय बघ. एका बाजूची केंद्रं वरची चाळण अडवते, दुसऱ्या बाजूची खालची पाडते. मधे राहिली ती दिल्ली."

"मग सरळ चाळण म्हन की. फिल्टर फिल्टर काय करतुयास!" आई म्हणाली. तिला ते एकदम पटलं, आणि मलाही. तिथंच माझी चूक सुरू झाली.

कारण हळदीच्या आवारात एकच गोष्ट सगळे मानतात: दोन चाळण्यांच्या भोकांत जितका कमी फरक, तितका माल एकसारखा, आणि तितका चांगला. मी लहानपणापासून हेच ऐकत वाढलो होतो. त्यामुळे फिल्टरही जितका अरुंद तितका उत्तम, याबद्दल माझ्या मनात शंकाच आली नाही. तीन कॉइली केल्या, तिन्ही एकीमागून एक लावल्या. एकीतून सुटलेलं दुसरीत अडकावं, दुसरीतून सुटलेलं तिसरीत. वनस्पती तुपाच्या डब्यांचा पत्रा कापून प्रत्येकीला वेगळा खण केला. शॉर्ट वेव्हसाठी कॉइलींचा दुसरा जोड, आणि एक बटण, जे एका झटक्यात सगळे जोड बदलेल. मार्गशीर्षात सगळं तयार झालं.

पहिल्यांदा लावलं ती संध्याकाळ मी विसरणार नाही. मी काटा मीडियम वेव्हवर दिल्लीच्या जागी नेला, फिल्टरचं बटण हळूहळू फिरवलं, आणि सांगली गेली. अशी गेली, जणू मनोराच कुणी उचलून नेला. उरली ती शांतता, आणि त्या शांततेत दुरून एक माणूस बोलू लागला. मला वाटलं, आपण घराबाहेर अंगणात उभे आहोत आणि अंगण थेट दिल्लीपर्यंत पसरलं आहे. आबांनी कानावरचा हात काढून विचारलं, "त्यो मनोरा बंद पडला काय रं?" मी म्हणालो, "न्हाई आबा, चालू हाय." ते दारात जाऊन मनोऱ्याचे लाल दिवे बघून आले आणि परत बसले.

तोवरचे रविवार सांगलीच्या गोंगाटात कान देऊन गेले होते, दादाचं नाव लागलं नव्हतं. फिल्टर लावल्यावरचा पहिला रविवार आला. आईनं लवकर भाकरी उरकल्या. दिवेलागणीला कार्यक्रम लागला. निवेदक नंबर सांगायचा, नाव, गाव सांगायचा, आणि मग तो जवान दोन-तीन वाक्यं बोलायचा. पंजाबातले, गढवालचे, एक साताऱ्याकडचाही होता. दादाचं नाव आलं नाही. मला त्याचं फारसं वाटलं नाही. मी फिल्टरवरच खूश होतो. सांगलीचा मागमूस नव्हता.

संपल्यावर मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता.

"लागंल की पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

"त्ये न्हवं." ती शब्द शोधत होती. "सगळ्यांचा आवाज येकच येतोय रं. पेवातनं बोलल्यावानी."

आमच्याकडे पेवाची एक रीत आहे. पेवात उतरलेल्या माणसाला वरून हाक मारली तर तो ओ देताना आधी आपलं नाव सांगतो. कारण खालून येणारा आवाज घुमतो, दबतो. बाप का मुलगा, कळत नाही. आई भाकरी घेऊन जायची तेव्हा आबाही खालून नाव सांगूनच ओ द्यायचे. इतक्या वर्षांच्या संसारात तिथं ती त्यांना आवाजावरून ओळखू शकली नव्हती.

"ह्यात त्यो बोलला तरी मला त्यो कळायचा न्हाई," ती म्हणाली. "नाव आयकून गप बसायचं. मग त्ये पत्रच झालं की."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. आईचं नाही सांगितलं, एवढंच म्हणालो की आवाज दबलेला येतो. सरांनी माझा ग्राफ मागितला. कागदावर फिल्टरची रेघ होती: मधे एक टोक, सुईसारखं, आणि दोन्ही बाजूंना उतार. मला त्या सुईचा अभिमान होता.

सर म्हणाले, "उसाची गाडी पाहिलीस?"

"रोज बघतो सर."

"गाडी किती रुंद असते, आणि ऊस भरल्यावर किती होते?"

"ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर येतो."

"तू गाडीच्या मापाचं दार केलं आहेस. गाडी गेली. उसाचं काय?"

मला लगेच उमगलं नाही. मग त्यांनी फळ्यावर रेघ काढली. केंद्र नुसतं चालू असतं, कुणी बोलत नसतं, तेव्हा त्याची लहर एकाच जागी असते, रेघेसारखी. पण कुणी तोंड उघडलं की ती रेघ दोन्हीकडे पसरते. जाड, घुमणारे स्वर रेघेला चिकटून राहतात. बारीक, धारदार आवाज – स, श, च – सगळ्यांत लांब जाऊन पडतात, अगदी कडेला, उसाच्या शेंड्याकडच्या वाढ्यांसारखे. माझं दार अरुंद, म्हणून वाढी घासून गळून पडत होती. गाडी आत यायची, पण माणूस कोण ते बाहेरच राहायचं.

मी फळ्याकडे बघत बसलो. तास संपला, पुढची मुलं आत आली, तरी मला उठवेना. इतकी वर्षं मला वाटत होतं की केंद्र म्हणजे डायलवरची एक जागा, एक बिंदू. आणि माणसाच्या आवाजाला रुंदी लागते! तो बोलतो तेव्हा आभाळात काही जागा व्यापतो, आणि ती जागा कुणी मोकळी ठेवली नाही तर त्याचे शब्द पोचतात, पण तो पोचत नाही. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर सूत्र म्हणून पाठ केलं असतं. आईनं पेवाचं नाव काढल्यावर ते मला दिसलं.

नुसतं दार रुंद केलं तर सांगली परत आत यायची, हे उघड होतं. मला सुई नको होती, आणि पसरट टेकाडही नको होतं. डोक्यावर सपाट आणि कडेला तुटलेलं असं काहीतरी हवं होतं. तेव्हा साताऱ्याच्या स्टँडवरून पाहिलेला किल्ला आठवला. ग्राफच्या कागदावर मी तोच काढला, आणि त्याखाली लिहिलं: असा.

तो कसा आणायचा हे पुस्तकात होतं, पण वाचून विश्वास बसत नव्हता. एकाच ठेक्याच्या दोन जोड्या जवळ आणल्या की त्या एकट्यासारख्या वागत नाहीत. एकच टोक फाटून त्याची दोन होतात, आणि अंतर नेमकं जमलं तर त्या दोन टोकांच्या मधला भाग सपाट होतो. मी खात्री करायला परसात एक सैल दोरी ताणली आणि तिच्यावर दोन कंदील लटकवले, पेवात सोडायचेच, न पेटवलेले. एकाला झोका दिला. तो झुलू लागला, हळूहळू मंद झाला, आणि ज्याला कुणी हात लावला नव्हता तो दुसरा झुलायला लागला. मग तो थांबला आणि पहिला पुन्हा. शेजारच्या काकांनी कुडावरून डोकावून विचारलं, "कालिजात ह्ये शिकवत्यात?" मी व्हय म्हणालो. "बरं हाय," म्हणून ते गेले. मी तिन्हीसांज होईपर्यंत बघत राहिलो.

खरा जीव पुढंच गेला, सर म्हणाले होते तसा. एका जागी सपाट माथा आला. बटण फिरवलं की तो बिघडायचा. डायलच्या खालच्या टोकाला अरुंद, वरच्या टोकाला रुंद. चाळण हातात फिरवावी आणि तिची भोकंच लहानमोठी व्हावीत, तसं. आठवडाभर मी त्यात अडकलो. शेवटी सरांनी दाखवलेल्या एका प्रकरणात मार्ग सापडला: दोन कॉइलींना एकमेकींशी दोन प्रकारे बांधायचं. एक त्यांच्या जवळिकीनं, जिची रुंदी डायलच्या वरच्या टोकाकडे वाढते. आणि एक दोघींत सामाईक असलेल्या छोट्या कंडेन्सरनं, ज्याचा जोर खालच्या टोकाला असतो. एक कमी पडेल तिथं दुसरा पुरवतो. माझी तिसरी कॉइल मी काढून टाकली. फौजेच्या कंडेन्सरचा तिसरा खण तसाच रिकामा फिरत राहिला.

मधले रविवार आम्ही त्या अर्धवट फिल्टरवरच काढले. प्रत्येक रविवारी मला धास्ती, की आज लागला तर? प्रत्येक रविवारी नाव आलं नाही की आई निश्वास टाकायची. तो सुटकेचा होता की निराशेचा, हे मी विचारलं नाही.

नवा फिल्टर संक्रांतीच्या सुमारास बसला. सांगली पूर्ण जात नव्हती आता. अगदी तळाशी, कुजबुजल्यासारखी राहायची. मी आईला विचारलं, "एवढं चालंल?"

तिनं कान देऊन ऐकलं. "पल्याडच्या आळीतलं भजन येतंय तेवडंच हाय की. चालतंय." मग दिल्लीची बाई बातम्या सांगत होती ती ऐकली, आणि हसली. "हिचं नाक चोंदलंय."

मीही ऐकलं. खरंच चोंदलं होतं.

तो रविवार त्यानंतरच्याच एका आठवड्यातला. दिवस मावळायला आला होता. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा शॉर्ट वेव्ह स्वच्छ होती, म्हणून तिथंच ठेवलं. आबा खाटेवर, आई रेडिओसमोर जमिनीवर, मी दोन्ही हात फिल्टरवर ठेवून. चार-पाच जवान झाले. मग निवेदक पुढचा नंबर सांगू लागला आणि आवाज बुडायला लागला, विहिरीत पोहरा जावा तसा, खाली, आणखी खाली.

"आरं, गेलं! गेलं!" आबा खाटेवरून उठले.

मी बँडचं बटण फिरवलं. काटा मीडियम वेव्हवर, फिल्टर त्याच्या जागी. घाईत जागा पटकन सापडेना. नाव त्या वेळात निघून गेलं, गावही गेलं. मग दिल्ली वर आली, तेव्हा नुकताच एक जवान बोलायला लागला होता. हिंदीत, सगळे बोलायचे तसं, घोकून आल्यासारखं.

"...सबको मेरा नमस्ते. मैं यहाँ सकुशल हूँ. सर्दी बहुत है. सब साथी अच्छे हैं..."

दादाचा पुढचा दात लहानपणी पेवाच्या कडेवर पडून अर्धा तुटला होता. तेव्हापासून 'स' म्हणताना त्याच्या तोंडून बारीकशी शीळ निघायची. घरात कुणाच्या ध्यानातही राहिली नव्हती ती, इतकी सवयीची. मी ती विसरलो होतो. ती आता सपाट माथ्याच्या अगदी कड्यावरून, जिथं माझ्या पहिल्या फिल्टरनं सगळं छाटून टाकलं असतं तिथून, आमच्या घरात आली.

"सकुशल", आणि शीळ. "सर्दी", आणि शीळ.

आई गुडघ्यांवर उठून बसली होती. "ह्योच," ती म्हणाली. आणि मग रेडिओला, एकदम मोठ्यानं, "व्हय रं बाळा! आयकतीय मी!"

आणखी एक वाक्य आलं, आणि मग निवेदकानं पुढचा नंबर सांगितला.

आबांनी मला विचारलं, "नाव आयकलंस?"

"न्हाई. बँड बदलताना गेलं."

"मग कशावरनं?"

आईनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. "तुमी पेवात हायसा," ती म्हणाली. "गप बसा."

थोड्या वेळानं ती माझ्याकडे वळली. डोळे पुसलेले होते, आवाज मात्र नेहमीचा. "आता परत लाव की रं. येकदा."

मला सांगावं लागलं की परत लागत नाही. चाळणीत हळकुंड उरतं, ओंजळीत घेता येतं. माझ्या डब्यात काही उरत नाही. जे येतं ते त्यातून जातं, आणि गेलं की गेलं. तोवर मला हे स्वतःलाच नीट कळलं नव्हतं. आईनं ऐकून घेतलं. पत्र्याच्या खोक्यावर हात ठेवला. कोमट होतं ते, शेजारच्या व्हॉल्व्हच्या उबेनं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "आलाय त्यो."

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझा ग्राफ पाहून विचारलं की रुंदी एवढीच का धरली, थोडी कमी का नाही. उत्तर तोंडाशी आलं होतं, पण मी अडखळलो आणि पुस्तकातलं सांगितलं. त्यांनी मान हलवली. सर मागे उभे होते. ते खिडकीबाहेर बघत होते.

फाल्गुनात दादाचं पत्र आलं. आई हात धुऊन भिंतीला टेकून बसली. मी वाचायला लागलो तशी तिनं हात वर केला.

"सावकास वाच," म्हणाली. "तू वाचायचं, मी त्येच्या आवाजात आयकनार."

मी एकेक शब्द सुटा करून वाचू लागलो. तिचे ओठ हलत होते. "सर्वांस" हा शब्द आला तिथं ती क्षणभर थांबली, दातांतून बारीक हवा सोडली, आणि मला पुढं वाचायची खूण केली.